हंपीला जाताय? मग एक सकाळ हिरेबेणकलच्या दगडी थडग्यांसाठी ठेवाच

आपल्याकडची बहुतेक मंडळी हंपीला जातात ती तीन दिवसांचा प्लॅन करून, विरूपाक्ष, विठ्ठल मंदिर, दगडी रथ, मातंग टेकडीवरचा सूर्योदय, एखादी संध्याकाळ सणापूरच्या तळ्यावर आणि परत. मीही पहिल्या दोन वेळा असंच केलं. तिसऱ्या वेळी कुणीतरी सांगितलं की गंगावतीच्या जवळ डोंगरावर दगडाच्या खोल्या आहेत, माणसं पुरायच्या, हंपीपेक्षा दीड-दोन हजार वर्षं जुन्या, आणि तिथे जाऊन आल्यापासून मी हंपीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागते की एक सकाळ तिकडे द्या. दर वेळी तेच प्रश्न येतात, जायचं कसं, किती चढायचं, लहान मुलं चालतील का, आत नक्की बघायचं काय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीपासून साधारण १० किलोमीटरवर हिरेबेणकल नावाचं गाव आहे. गावामागच्या डोंगरांवर शेकडो महापाषाणीय थडगी आहेत, इसवी सनापूर्वी साधारण ८०० ते २०० या काळातली. महापाषाण म्हणजे नावाप्रमाणेच मोठाले दगड. ग्रॅनाइटच्या फरश्या उभ्या करून चौकोनी खोली करायची, वर एक जाडजूड फरशी छप्पर म्हणून ठेवायची, आणि एका भिंतीला गोल भोक. चुना नाही, माती नाही, सांधायला काहीच नाही. काही खोल्या माणसाच्या उंचीहून मोठ्या, काही गुडघ्याएवढ्या. इंग्रजीत डोल्मेन म्हणतात, गावातले लोक म्हणतात मोर्यर मने, मोर्यांची घरं, आणि डोंगराला मोर्यर गुड्डा. गावात ऐकायला मिळणारी गोष्ट अशी की मोर्यर म्हणजे जेमतेम तीन फूट उंचीची माणसं होती, आकाशातून आगीचा पाऊस पडणार हे त्यांना कळलं म्हणून त्यांनी दगडाची घरं बांधली. तिथे उभं राहून त्या बुटक्या खोल्या आणि गोल खिडक्या बघितल्या की ही गोष्ट कुणाला का सुचली असेल ते लगेच कळतं.

आणखी एक, हे आपल्या लोकांना सांगितलं की त्यांचे कान टवकारतात. २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातून ज्या सहा जागा गेल्या त्यात आपले मराठा किल्ले होते आणि हिरेबेणकलही होतं. किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा झाले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. हिरेबेणकल मात्र तिथे शांतपणे उभं आहे, आणि अजून तरी गर्दी नाही, म्हणून लवकर बघून घ्या.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. कोप्पळचा उन्हाळा म्हणजे चेष्टा नाही, आणि ग्रॅनाइट तापला की खालूनही भाजतं आणि वरूनही. पावसाळ्यात डोंगर हिरवा सुंदर दिसतो हे खरं, पण दगडावर शेवाळ येतं, गवत कमरेएवढं वाढतं, पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही आणि सापाची भीती वेगळी. दिवसातली वेळ विचाराल तर उजाडल्या उजाडल्या पायथ्याशी असलं पाहिजे. साडेसहा-सातला चढायला लागलात तर अकरापर्यंत खाली येता येतं. दुपारी निघून संध्याकाळी उतरू हा विचार करूच नका, या डोंगरांत अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि अंधारात ती वाट सापडत नाही.

पोचायचं कसं

कोल्हापूर, मिरज, सांगली, बेळगावकडच्यांना सोपं आहे, कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस कोप्पळ आणि होस्पेट दोन्हीकडून जाते. गोव्याकडून वास्को-होस्पेट असा रेल्वेमार्ग आहे. सोलापूरहून विजापूर, बागलकोट, गदग करत खाली यायचं. पुण्या-मुंबईचे बहुतेक जण रात्रीच्या स्लीपर बसने होस्पेट गाठतात. मुक्काम शक्यतो नदीच्या पलीकडे, म्हणजे आनेगुंदी किंवा सणापूरला करा, किंवा सरळ गंगावतीत. हंपी बाजारच्या बाजूला राहिलात तर पहाटे नदीला वळसा घालून पुलावरून यावं लागतं आणि त्यात मोक्याचा तास जातो. आनेगुंदीहून रिक्षा किंवा भाड्याची बाइक घेऊन गंगावती, तिथून हिरेबेणकल. रिक्षा केलीत तर जाऊन-येऊन आणि थांबायचे पैसे आदल्या रात्रीच ठरवून घ्या, कारण गावातून परतीची रिक्षा मिळेलच असं नाही. गंगावतीहून एसटीही जाते पण भल्या सकाळी तिच्या भरवशावर राहू नका.

मॅपवर नाव टाकलं की पिन दिसते खरी, पण ती तुम्हाला गावापर्यंत आणते, तिथून पुढे मोबाइलचा उपयोग फोटोपुरता. रेंजही वर कुठे येते कुठे जाते. घरी कुणाला तरी सांगून ठेवा कुठे जातोय आणि कितीपर्यंत परत येणार.

सोबत काय न्यायचं

पाणी. माणशी दोन लिटर, आणि मी हे अगदी मनापासून सांगतेय. पहिल्या वेळी आम्ही तिघांत मिळून दोन बाटल्या घेऊन गेलो होतो, तासाभराचा तर चढ आहे असं म्हणत, आणि वर गेल्यावर इतकं बघायचं निघालं की चार तास कधी गेले कळलं नाही, उतरताना भाच्याला चक्कर आली आणि आम्ही त्याला एका फरशीच्या सावलीत अर्धा तास बसवून ठेवलं, जवळ घोटभर पाणी नव्हतं. वर दुकान नाही, नळ नाही, टॉयलेट नाही. वर एक तळं आहे पण ते पाणी पिण्यासारखं नाही.

बाकी मग नेहमीचंच, चांगली पकड असलेले बूट (चपला-सँडल नकोत, काटेरी झुडपं फार आहेत), पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, थोडं खायला, चिक्की, शेंगदाणे, केळी, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. एक छोटी टॉर्च जरूर घ्या, ती कशाला ते पुढे सांगते. नाश्ता गंगावतीत उरकून घ्या, सकाळी सकाळी इडली-वडा मिळतो, आणि परत येताना मंडक्की (मसाला लावलेले चुरमुरे) आणि गरम मिर्ची भजी चुकवू नका.

गावातून माणूस घ्या

ही पायरी वगळू नका. डोंगरावर धड अशी पायवाट नाही, गुरांच्या वाटा आहेत आणि त्या दहा दिशांना फुटतात. एक टेकडी चढलात की पुढे दुसरी, तिच्यामागे तिसरी, सगळीकडे सारखेच दगड. गावात पारावर जो कुणी बसला असेल त्याला नमस्कार करून विचारा, "अण्णा, मोर्यर गुड्डक्के होगो दारि यावुदु?" म्हणजे मोर्यर गुड्ड्याला जायची वाट कुठली. एवढं एक वाक्य पाठ केलं की निम्मं काम होतं, पुढचं हिंदी, मराठी आणि हातवारे मिळून निभावतं. कुणी ना कुणी तरुण पोरगा किंवा गुराखी काका बरोबर यायला तयार होतो. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते त्यांची, तेव्हा पैसे आधी मोकळेपणाने बोला आणि घासाघीस करू नका. आम्हाला भेटलेल्या काकांनी वाटेत कुठल्या कपारीत मध आहे, कुठे मागच्या वर्षी अस्वल दिसलं, कुठल्या दगडावर त्यांचे आजोबा दुपारी झोपायचे, सगळं दाखवलं.

चढ आणि वाटेतली चित्रं

चढायला पाऊण ते एक तास, सवय नसेल तर सव्वा तास. अवघड असा रॉकपॅच नाही, सिंहगड चढणारा माणूस आरामात जातो, फक्त पायऱ्या नाहीत आणि काही ठिकाणी दगडांवरून हात टेकत जावं लागतं. आठ-नऊ वर्षांची चालायची सवय असलेली मुलं येतात, त्याहून लहान असतील तर उचलून घ्यायची तयारी ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना मी नाही सुचवणार.

वाटेत मोठमोठे दगड एकमेकांवर रेलून तयार झालेले आडोसे लागतात. इथे थांबा. आत लाल रंगाची चित्रं आहेत, माणसं, जनावरं, घोडे, हातात हात घालून नाचणारी रांग. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता दगड दिसतो, मग डोळे सावलीला सरावले की एक पाय दिसतो, मग एक शिंग, आणि मग सगळा कळपच समोर येतो. फोटो नीट यावा म्हणून चित्रावर पाणी मारायचं काही लोकांना सुचतं, कृपा करून तसं करू नका, रंग उतरतो आणि तो परत येत नाही. बोटही लावू नका.

वर पोचल्यावर

शेवटचा चढ संपतो आणि एकदम सपाटी येते, आणि समोर ती घरं. खरंच गल्लीसारखी. ओळीने उभ्या खोल्या, काही पडलेल्या, काहींचं छप्पर सरकलेलं, काही मात्र अगदी काल बांधल्यासारख्या ताठ. आमच्यातलं कुणीच दोन-तीन मिनिटं बोललं नाही. लगेच मोबाइल काढू नका असं मी सांगेन, आधी एक चक्कर मारा नुसती.

मग एक खोली निवडा, शक्यतो चारही बाजू शाबूत असलेली, आणि तिच्याभोवती सावकाश फिरा. कोपरे बघा. फरश्या एकमेकींना टोकाला टोक लावून उभ्या केलेल्या नाहीत, प्रत्येक फरशी शेजारणीच्या पुढे थोडी बाहेर काढलेली आहे आणि तिला आतून पुढचीचा टेकू आहे, वरून बघितलं तर स्वस्तिकासारखा आकार होतो. त्यामुळे प्रत्येक भिंत दुसरीला आत पडू देत नाही आणि वरच्या छपराचा भार सगळ्यांना जागेवर दाबून धरतो. पत्त्यांचा बंगला करताना आपण जे करतो तेच, फक्त इथे एकेक पत्ता उचलायला गाव लागेल. मी एका कोपऱ्यात दोन फरश्यांच्या सांध्यापाशी डोळा लावून बघितलं, करंगळी जाईल एवढी फट होती आणि त्या फटीत कोळ्याचं जाळं, वाऱ्याने हलत होतं, आणि वर ती दोन-अडीच हजार वर्षं न हललेली फरशी.

या फरश्या आणल्या कुठून तर तिथूनच. ग्रॅनाइटचा डोंगर उन्हा-पावसाने कांद्याच्या पापुद्र्यासारखा थराथराने सुटतो, ते सुटलेले थर पाचरी वगैरे मारून उचकटायचे आणि हव्या त्या आकाराचे करायचे. जवळच जे तळं आहे ना, ती त्यांची खाण. दगड काढून झालेल्या खड्ड्यात पाणी साठलं. तळ्याच्या काठाला जाऊन कडा बघा, कुठे दगड सरळ रेषेत तुटलाय ते कळतं, आणि मग मान वळवून खोल्यांकडे बघा, म्हणजे सगळा कारखाना एका नजरेत येतो.

आता ते गोल भोक. दगडात इतकं गोल भोक पाडणं हेच केवढं काम आहे, कडेवरून नजर फिरवली की ठोकून ठोकून केल्याच्या बारीक खुणा जाणवतात. टॉर्च इथे लागते. भोकातून टॉर्च मारून आत बघा, डोकं घालू नका, साप-विंचू असू शकतात आणि फरश्या किती पक्क्या आहेत ते आपल्याला बाहेरून कळत नाही. आत आज काही नाही. माती, वाळलेली पानं, एखादी पाल. भोक कशासाठी, तर त्या काळी बऱ्याच ठिकाणी माणूस गेल्यावर लगेच पुरत नसत, देह आधी दुसरीकडे ठेवायचा आणि नंतर राहिलेली हाडं गोळा करून थडग्यात आणायची, आणि एकाच थडग्यात पुढेही कुणाकुणाची हाडं यायची, म्हणून आत जायला ही वाट ठेवली असावी असं अभ्यासक सांगतात. आत काय काय ठेवत असतील याची कल्पना हवी असेल तर चित्रदुर्ग जिल्ह्यातलं ब्रह्मगिरी आठवा, तिथे १९४७ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनी खोदकाम केलं तेव्हा जमिनीखालच्या अशाच भोकाच्या दगडी पेट्यांमध्ये हाडं, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारं निघाली होती.

हे एकदा डोक्यात शिरलं की ती जागा वेगळी दिसायला लागते. गोल खिडकी बघून सगळ्यांना तिच्यातून तोंड काढून फोटो घ्यायची हौस येते, माझा भाचाही धावला होता, मी त्याला एवढंच म्हटलं की कुणीतरी आपल्या आईची हाडं हातात घेऊन इथे याच भोकापाशी उभं राहिलं असेल रे. तो गप्प झाला आणि मग स्वतःच बूट काढून बाजूला ठेवून आला. बूट काढायची काही गरज नाही, दगड तापलेले असतात, पण त्याला वाटलं ते मला आवडलं.

नगारा

तळ्याच्या आसपास एका उंच धोंड्यावर, साधारण १० मीटर उंचीचा असेल तो, वर एक अर्धगोल दगड ठेवलेला आहे. हा दगडी नगारा. लाकडाने किंवा दगडाने ठोकला की घुमतो आणि आवाज किलोमीटरभर जातो म्हणतात. बरोबरचे काका वर चढून एकदा वाजवून दाखवतात, ते ऐका, पुरे. आपण स्वतः दगड घेऊन ठोकत बसू नये असं मला वाटतं, येणारा प्रत्येक जण दहादा ठोकणार असेल तर तो नगारा किती दिवस टिकेल. आम्ही खाली उभे राहून ऐकला. धातूसारखा आवाज येतो, दगडाचा वाटत नाही, आणि समोरच्या टेकडीवरून परत येतो.

काय करायचं नाही

छपरावर चढायचं नाही. हे सगळ्यात वर. त्या फरशा दिसतात भक्कम पण त्या फक्त तोलावर उभ्या आहेत, आणि एक ढासळली की ती परत उभी करणारं कुणी नाही. पडलेल्या फरश्या सरकवून खाली काय आहे बघायचं नाही. गुप्तधनाच्या नादाने लोकांनी इथली कितीतरी थडगी उकरून मोडली आहेत, काही ठिकाणी खड्डे अजून उघडे दिसतात आणि ते बघून पोटात तुटतं. खापराचा तुकडा दिसला तरी उचलून घरी आणू नका, बघा, फोटो काढा, जिथे होता तिथेच ठेवा, तो कुठे पडलाय त्यालाच किंमत आहे. ही जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ड्रोन उडवायला परवानगी लागते. नावं कोरणं, शेकोटी पेटवणं, स्पीकर लावणं याबद्दल मी लिहायची वेळ येऊ नये, पण वर राखेचे ढीग बघितलेत म्हणून लिहितेय.

नागपूरकरांसाठी

तुम्हाला एवढ्या लांब यायच्या आधी घराजवळच सराव करता येतो. नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत, तीही दफनंच, त्याच महापाषाणी लोकांच्या परंपरेतली. तिथे खोली नाही, दगडांचं गोल कडं आणि आत दगडगोट्यांचा भराव, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत. जवळच्याच माहुरझरीला नागपूर विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी खोदकाम केलं तेव्हा घोडे पुरलेले सापडले, तांब्याच्या दागिन्यांसकट. विदर्भात मऊ माती आणि सुटे धोंडे, म्हणून कडं. कोप्पळला थराथराने सुटणारा ग्रॅनाइट, म्हणून खोली. मी आधी हिरेबेणकल बघितलं आणि मग जुनापाणी, पण उलट क्रमाने गेलात तर जास्त चांगलं कळेल असं आता वाटतं, आधी साधं कडं बघायचं आणि मग त्या घरांच्या गल्लीत जायचं.

उतरताना

दहा-साडेदहाला परतीला लागा, कितीही वाटलं तरी. उतरताना वाट वेगळीच दिसते आणि दमलेल्या पायांनी सुट्या खडीवरून घसरायला होतं, तेव्हा काकांच्या पुढे पळू नका. खाली आल्यावर ठरलेले पैसे द्या, वर थोडे जास्तच द्या, आणि जमलं तर गावात बसून एक चहा घ्या.

दुपार मोकळी असेल तर कोप्पळ गाठा, गवीमठाच्या डोंगरावर सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, आणि मौर्य ते मोर्य अशी जोडणी काही जण करतात. तुम्हाला ती पटो न पटो, पण सकाळी मोर्यांची घरं आणि दुपारी मौर्यांचा शिलालेख असा दिवस जुळून येतो. आम्ही तिकडे निघालो तेव्हा गावातल्या एका अज्जांनी रिक्षाजवळ येऊन विचारलं, किती घरं बघितली? भाचा म्हणाला, बावन्न मोजली. अज्जा हसले आणि डोंगराच्या मागच्या बाजूला हात करून म्हणाले, अजून तिकडे आहेत.